भुकेला कोंडा पुरत नाही

अन्न ‘छापण्या’चा विषय निघाला की आपल्याकडे एक ठरलेला युक्तिवाद पुढे येतो. जिथे लाखो मुलांचे वजन वयाच्या मानाने कमी भरते, त्या देशात प्रिंटरमधून चॉकलेटच्या नक्ष्या काढणे, चमच्यातून वीज सोडून सूप खारट लागेल असे करणे, जेवणाऱ्याच्या कानात समुद्राची गाज घालणे, हे भरल्या पोटाचे चोचले आहेत. चव पदार्थात असते. आकार, आवाज, स्पर्श ही वरची सजावट. गरिबाला पोषण हवे, देखावा नको. आणि यंत्र कितीही शहाणे झाले तरी हाताची चव त्याला यायची नाही. एवढे झाल्यावर ‘भुकेला कोंडा, निजेला धोंडा’ ही म्हण येते आणि चर्चा संपते.

मला ती इथे संपू द्यायची नाही. या युक्तिवादात चार विधाने आहेत. चोचल्यांबद्दलचे पहिले बरेचसे खरे आहे. चवीबद्दलचे दुसरे प्रयोगाच्या कसोटीवर टिकत नाही. हाताच्या चवीबद्दलचे चौथे विधान, ज्याच्या घरी गिळता न येणारे माणूस नाही, त्यालाच परवडते. आणि गरिबाला रूपाशी देणेघेणे नाही, हे तिसरे विधान तर घातक आहे. ते गृहीत धरून आपण कोट्यवधी लोकांच्या ताटात अन्न वाढले आहे आणि त्याचे परिणामही पाहिले आहेत.

आधी जे मान्य करायचे ते करून टाकू. अनेक इंद्रियांना एकदम कामाला लावणारे भविष्यातले अन्न ही कल्पना संगणकाच्या आधीची आहे. इटालियन कवी फिलिप्पो मारिनेत्ती याने २८ डिसेंबर १९३० रोजी तुरीनच्या एका वृत्तपत्रात भविष्यवादी पाककलेचा जाहीरनामा छापला आणि पास्ता हद्दपार करण्याची मागणी केली. पास्त्याने इटालियन माणूस सुस्त होतो, असा त्याचा दावा होता. पुढच्या मार्चमध्ये तुरीनमध्ये त्याच्या मंडळींचे उपाहारगृह उघडले. त्यांच्या एका पदार्थात जेवणाऱ्याने उजव्या हाताने ऑलिव्ह, बडीशेपेचा कंद आणि कुमक्वाट हे इवलेसे संत्रे खायचे, डाव्या हाताने पॉलिश पेपर, मखमल आणि रेशीम चाचपायचे. वाढप्याने त्याच्या मानेवर अत्तर फवारायचे आणि आतून विमानाच्या इंजिनाची घरघर व बाखचे संगीत ऐकू यायचे. मारिनेत्ती मुसोलिनीचा समर्थक होता आणि परदेशी गहू कमी लागावा ही त्या राजवटीची गरज होती, हेही विसरू नये. त्या ताटात जेवणाऱ्याच्या भुकेला जागा नव्हती. तो कवीच्या प्रयोगातला एक प्रेक्षक होता.

पुढे यंत्रे आली तरी वृत्ती फारशी बदलली नाही. २०१४ साली लास व्हेगासच्या प्रदर्शनात साखरेच्या नाजूक जाळ्या छापणारा ‘शेफजेट’ दिमाखात मांडला गेला. घरोघरच्या ओट्यावर तो काही आला नाही. २०१६ साली लंडनमध्ये अशी पंगत बसली की पदार्थ, चमचे आणि बसायच्या खुर्च्याही छापलेल्या होत्या. २०१८ साली ‘ओपन मील्स’ या जपानी गटाने टोकियोतून सुशीची माहिती धाडून ती अमेरिकेतल्या ऑस्टिनमध्ये छोट्या घनाकृती तुकड्यांतून उभी करून दाखवली. २०२३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सात घटकांचा चीजकेक छापून लेझरने शेकला गेला. आधीचे काही ढासळले, मग बिस्किटाच्या लगद्याच्या भिंती बांधून केळ्याचा गर आणि जॅम आत कोंडावा लागला. हे सगळे हुशारीचे काम आहे, यात शंका नाही. पण या सगळ्या पंगतींत एक गोष्ट सारखी आहे: जेवणारा तिथे एकदाच येतो. ज्या अन्नाला दुसऱ्या दिवशी परत त्याच माणसासमोर उभे राहायचे नसते, त्याची परीक्षा टाळ्यांवर होते. तेव्हा चोचल्यांचा आक्षेप या नमुन्यांपुरता मी जसाच्या तसा स्वीकारतो.

मात्र नमुने वाईट निवडले म्हणून तंत्र निरुपयोगी ठरत नाही. त्यासाठी ते तंत्र नेमके काय करते ते पाहावे लागेल. २००६ साली कॉर्नेल विद्यापीठात हॉड लिप्सन आणि इव्हान मॅलोन यांनी ‘फॅब ॲट होम’ हे यंत्र तयार केले आणि त्याचे आराखडे सर्वांना खुले केले. पिचकारीत लगदा भरायचा, मोटरने दट्ट्या ढकलायचा आणि संगणकाने आखलेल्या वाटेने थरावर थर देत वस्तू उभी करायची. लगदा सिलिकॉनचा चालतो, तसा चीजचा किंवा चॉकलेटचाही. अट एकच: ढकलले की तो वाहिला पाहिजे आणि सोडले की जागी उभा राहिला पाहिजे. कुणी म्हणेल, हा तर चकलीचा सोऱ्या. तत्त्व तेच आहे, हे खरे. पण सोऱ्याला चकती बसवली की ती काढेपर्यंत एकच आकार पडतो आणि आतले पीठ पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच असते. इथे दर मिलिमीटरला काय घालायचे, किती घालायचे आणि कुठे घालायचे, हे बदलता येते. या ‘कुठे’मध्येच सगळी गंमत आहे आणि चव पदार्थात असते, हे विधानही तिथेच अडखळते.

ऑक्सफर्डमध्ये चार्ल्स स्पेन्स आणि मास्सिमिलियानो झांपिनी यांनी २००४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांनी मायक्रोफोनसमोर बटाट्याचे चिप्स चावायचे आणि आपल्याच चावण्याचा आवाज हेडफोनमधून ऐकायचा. तो आवाज मोठा केला, किंवा त्यातला फक्त वरच्या पट्टीचा भाग वाढवला, की तेच चिप्स लोकांना जास्त कुरकुरीत आणि जास्त ताजे वाटले. या प्रयोगाला २००८ साली इग नोबेल हे गमतीदार संशोधनाचे पारितोषिक मिळाले, म्हणून अनेकांनी तो हसण्यावारी नेला. पण आपण सादळलेला पापड बाजूला सारतो तेव्हा काय करतो? त्यातले उडदाचे पीठ, मीठ, मिरी सगळे जागेवर असते. गेलेला असतो तो आवाज आणि मोडण्याचा तो क्षण. त्यासाठी आपण चांगले अन्न फेकतो आणि वर म्हणतो की चव पदार्थात असते.

२०२२ साली ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पदार्थवैज्ञानिकांनी हाच मुद्दा छापलेल्या चॉकलेटवर तपासला. चॉकलेट तेच, फक्त ते नागमोडी किंवा गोल गोल वळणांच्या आकारात छापले. वळणे कशी आहेत आणि दात कोणत्या दिशेने पडतो, यावर ते एकदा मोडणार की अनेकदा, हे ठरवता येत होते. चाखणाऱ्यांना जास्त वेळा मोडणारे चॉकलेट अधिक आवडले. त्याच्या दहा वर्षे आधी ब्रिटनमध्ये कॅडबरीच्या डेअरी मिल्कच्या वडीचे कोपरे गोल झाले, तेव्हा ती आता जास्त गोड लागते, अशी लोकांनी तक्रार केली. कृती बदललेली नाही, असे कंपनी सांगत राहिली. जिभेवर वडी कशी बसते आणि कशी विरघळते, हेही गोडीत मोजले जाते.

इथपर्यंतचे सारे चैनीचे वाटू शकते, म्हणून मिठाकडे येतो. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार जडलेल्या माणसाला अळणी जेवणाची शिक्षा किती दिवस सोसवते, हे घराघराला ठाऊक आहे. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१० साली दाखवले की पावात मीठ सगळीकडे सारखे न मिसळता कमी खारट आणि जास्त खारट पिठाचे थर रचले, तर सुमारे २८ टक्के मीठ कमी करूनही पाव तितकाच खारट लागतो. जीभ सरासरी काढत बसत नाही. तिला फरक जाणवतो. तो प्रयोग काही छापून केलेला नव्हता. पण मीठ किती यापेक्षा ते कुठे, हे ठरवणारे साधन हाती आले तर त्याचा पहिला उपयोग कुणासाठी करायचा, हे या प्रयोगाने सांगून ठेवले आहे.

विजेच्या चमच्याची थट्टा करणाऱ्यांनीही हा धागा सोडू नये. मेइजी विद्यापीठाचे होमेई मियाशिता यांनी किरिन कंपनीबरोबर तयार केलेला चमचा मे २०२४ मध्ये जपानी बाजारात आला. त्यातून सुटणारा प्रवाह अगदी क्षीण असतो आणि सूपमधले सोडियमचे कण तो जिभेकडे ओढून घेतो. तो बनला आहे कमी मिठाचे पथ्य असलेल्यांसाठी. बाजारात आला तेव्हा त्याची किंमत १९,८०० येन होती, म्हणजे दहा हजार रुपयांच्या पुढे. एवढी किंमत परवडायची कुणाला, असे कुणी विचारले तर तो आक्षेप रास्त आहे. त्याला चोचला म्हणणे मात्र पथ्यावरच्या माणसाची चेष्टा करणे आहे.

रचना बदलली की सगळे साधते, असा दावा मी करत नाही. नेस्लेने २०१६ साली साखरेच्या कणाची रचनाच सच्छिद्र केल्याचे जाहीर केले, २०१८ साली ३० टक्के कमी साखरेची मिल्कीबार ब्रिटनमध्ये आणली आणि खप नाही म्हणून २०२० साली गुंडाळली. विज्ञान बरोबर असूनही वस्तू पडू शकते. पण ती पडली हे सांगताना लोकांनी खाऊन ठरवले हेही सांगावे लागते, आणि लोकांनी ठरवायचे असते याच गोष्टीचा आपल्याकडच्या योजनांना विसर पडतो.

आता तिसऱ्या विधानाकडे वळू. गरिबाला फक्त पोषण हवे, रूप नको.

१५ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून जाहीर केले की २०२४ पर्यंत सरकारी योजनांतून मिळणारा तांदूळ पोषणयुक्त केला जाईल. गडचिरोली त्याआधीच प्रायोगिक जिल्ह्यांत होता. हा तांदूळ कसा होतो, हे पाहण्यासारखे आहे. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळतात, त्या लगद्याला यंत्राच्या भोकातून दाबाने बाहेर काढतात, तांदळाच्या आकाराचे तुकडे कापतात, वाळवतात आणि साध्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात मिसळतात. म्हणजे यंत्राने घडवलेले, आकार ठरवून दिलेले, भविष्याच्या नावाने आलेले अन्न आपल्या रेशन दुकानात केव्हाच पोहोचले आहे. ते श्रीमंतांच्या पंगतीत नव्हे, तर शिधापत्रिका, शाळेचा पोषण आहार आणि अंगणवाडी यांच्या वाटेने आले.

आणि मग काय झाले? महाराष्ट्रासह अनेक राज्यांत ‘रेशनमध्ये प्लास्टिकचा तांदूळ आला’ अशी ओरड झाली. काही दाणे पाण्यावर तरंगतात, रंगाला वेगळे दिसतात, बोटांना वेगळे लागतात. अधिकाऱ्यांनी लोकांना अडाणी ठरवून जनजागृतीचे फलक लावले. पण तांदूळ निवडायला बसलेली बाई काय करते? खडा, किडका दाणा, रंग गेलेला दाणा बाजूला काढते. वेगळे दिसेल ते फेकायचे, हीच तर तिची पिढ्यान्‌पिढ्यांची अन्नसुरक्षा. तिच्या डोळ्यांनी आणि बोटांनी त्यांचे काम चोख केले आणि नेमके लोह असलेले दाणे उकिरड्यावर गेले. कागदावर प्रमाण शंभराला एक; शिजलेल्या भातात मात्र त्या एकाची हमी नाही.

लोहयुक्त तांदूळ हा रक्तक्षयावरचा योग्य उपाय आहे का, सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या रुग्णांनी तो किती जपून खावा, हा स्वतंत्र आणि गंभीर वाद आहे. तो बाजूला ठेवला तरी एक प्रश्न उरतो. निवडताना हा दाणा कसा दिसेल, धुताना बुडेल की तरंगेल, शिजल्यावर बोटांना कसा लागेल, हे निवडणाऱ्या बाईच्या सुपाशी बसून किती काळजीपूर्वक तपासले गेले? मिलिग्रॅममधले मानक ठरले, दाण्याच्या रूपाने मात्र लोकांचा विश्वास मिळवला नाही. लंडनच्या पंगतीत चमच्याच्या वळणावर कुणीतरी डोके खपवले होते. कोट्यवधींच्या ताटात जाणाऱ्या दाण्याच्या वाट्याला तेवढी आस्था यायला हवी होती. चोचला कशाला म्हणायचे, हे आता आक्षेप घेणाऱ्यांनीच सांगावे.

याउलट उदाहरणही आहे. १९९६ साली आंद्रे ब्रियाँ हे फ्रेंच बालपोषणतज्ज्ञ आणि मिशेल लेस्कान यांनी ‘प्लम्पीनट’ तयार केले. त्याआधी तीव्र कुपोषित मुलांना दुधाचे खास मिश्रण देत. त्याला स्वच्छ पाणी लागे, ते जपून कालवावे लागे, म्हणून मूल रुग्णालयात ठेवावे लागे. ब्रियाँ यांना वाट दाखवली पावाला फासायच्या चॉकलेटच्या बरणीने. शेंगदाण्याचा लगदा, तेल, साखर, दूधभुकटी, जीवनसत्त्वे आणि खनिजे; ९२ ग्रॅमच्या पुडीत ५०० किलोकॅलरी. पाणी नको, चूल नको. पुडी फाडायची आणि मुलाने ती पिळत चोखायची. घटकांइतकेच रूपही बदलले, आणि उपचार रुग्णालयातून घरी आला. अशा आयत्या पुड्या भारतात द्याव्यात की स्थानिक आहारच द्यावा, यावर आपल्याकडे कडाक्याचे वाद झाले आणि ते व्हायलाच हवेत. पण त्या पुडीने एक गोष्ट वादापलीकडे सिद्ध केली: अन्न कसे हातात येते, कसे तोंडात जाते, हे ठरवणे हा उपचाराचा भाग आहे.

म्हणीचाही इथे निकाल लावू. तीव्र कुपोषित मूल दवाखान्यात आले की उपचार कुठे करायचे, हे ठरवण्यासाठी आधी त्याची भूक तपासतात. त्याला खाऊ देऊन ते खाते का, हे पाहतात. कारण या अवस्थेत भूकच मरू शकते. खात नसेल तर त्याला भरती करावे लागते. म्हणजे ज्याच्यासाठी म्हण वापरली जाते, त्याच्या बाबतीतच ती खोटी ठरते. सर्वांत उपाशी मूल कोंडा खात नाही. ते काहीच खात नाही. त्याला खावेसे वाटावे, हे पहिले औषध असते.

राहिली हाताची चव. या शब्दांमागची माया मी नाकारत नाही. पण हा हात कुणाचा आणि तो किती दिवस राबणार, याचा हिशेब आक्षेपात कधीच नसतो. पक्षाघात झालेला, कंपवाताचा, तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया आणि किरणोपचार झालेला माणूस घरी येतो तेव्हा त्याला अनेकदा नीट गिळता येत नाही. पातळ पाण्याचाही ठसका लागतो आणि अन्नाचा कण फुप्फुसात गेला तर जिवावर बेतते. तंबाखूने तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण जिथे इतके वाढवले, त्या देशात ही चैनीची समस्या नाही. अशा माणसाला काय वाढतात? वरण, भात, भाजी सगळे एकत्र मिक्सरमधून फिरवलेला एका रंगाचा लगदा. सकाळी तोच, रात्री तोच. काही आठवड्यांत तो खाणे कमी करतो, वजन उतरते आणि घरचे म्हणतात, हट्टी झालाय.

गिळायला त्रास असलेल्यांच्या आहारासाठी आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे, शून्य ते सात अशा पायऱ्यांची. पेय किती दाट हे ठरवायला साधी १० मिलिलिटरची सिरिंज पुरते: भरायची, सोडायची, दहा सेकंदांनी किती उरले ते पाहायचे. एवढे नेमके काम दिवसातून चार वेळा, वर्षानुवर्षे, तेही नोकरी आणि घर सांभाळून, अंदाजाने अचूक होईल, ही अपेक्षा मायेची नाही. ती बाईला गृहीत धरण्याची आहे. युरोपात २०१२ ते २०१५ या काळात अशा वृद्धांसाठी छापील आहाराचा मोठा प्रकल्प चालला. ‘बायोझून’ ही जर्मन कंपनी त्यात होती. सिंगापूरमधल्या संशोधकांनी २०२१ साली एका रुग्णालयाबरोबर ताजे मटार, गाजर आणि पाक चोय ही चिनी पालेभाजी छापण्याजोगी केली. त्यांना आढळले की मटारचा लगदा नुसताच उभा राहतो, गाजराला दाट करणारा एक पदार्थ लागतो आणि पाणीदार पाक चोयला दोन. भाजी भाजीसारखी दिसते, तिची तिची चव राहते आणि घशाला धोका नसतो. या कामाला हाताच्या चवीचा विरोधक ठरवणे म्हणजे थकलेल्या हाताला मदत नाकारणे आहे.

इथे तंत्राच्या भक्तांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत, कारण आक्षेपकांना दारूगोळा त्यांनीच पुरवला. १९४७ चा पहिला मायक्रोवेव्ह कपाटाएवढा होता, पुढे तो ओट्यावर आला, तसा हा प्रिंटरही येईल, हे त्यांचे आवडते उत्तर. ते फसवे आहे. ओट्यावर न आलेल्या शेकडो यंत्रांची नावे कुणी घेत नाही. अन्नाचा प्रिंटर आजही मंद आहे, त्याच्या नळ्या धुणे कटकटीचे आहे आणि पन्नास जणांच्या पंगतीपुढे तो हात टेकतो. पण डिजिटल फॅब्रिकेशन, म्हणजे संगणकाच्या आराखड्यावरून वस्तू घडवणे, हे अन्न छापणारे यंत्रच, हा समज दोन्ही बाजूंनी करून घेतला आहे. तो सोडला की वाट मोकळी होते.

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात लायनिंग याओ यांच्या गटाने २०२१ साली असा पास्ता दाखवला, जो पाकिटात सपाट असतो आणि उकळत्या पाण्यात पडला की ठरलेल्या आकारात वळतो. पोकळ पास्त्याच्या पाकिटात अर्ध्याहून अधिक जागा हवाच खाते, ती वाचते. यात पीठ छापलेले नाही. कुठे किती खोल चरे पाडले की पीठ कोणत्या बाजूला वळेल, याचे गणित संगणकाने केले आणि चरे पाडले साध्या ठशाने. म्हणजे डिजिटल कारागिरी ठशात राहिली, अन्न नेहमीच्याच वाटेने बनले. मिक्सरमधून काढलेल्या भाजीसाठीही हेच करता येते. प्रिंटरने भाजी छापण्याऐवजी साचा छापावा; एका साच्यातून हजार जेवणे निघतात. महागडे यंत्र गावागावात न्यायची गरज नाही; आराखडा जावा आणि साचा तिथे घडावा.

असा साचा घडवायची जागा शोधायला महाराष्ट्राला लांब जावे लागत नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. एमआयटीच्या ‘फॅब लॅब’ या डिजिटल कारागिरीच्या कार्यशाळांच्या जगभरच्या जाळ्यातली, अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या प्रयोगशाळांतली एक २००२ साली तिथे उभी राहिली. बोस्टनजवळच्या चकचकीत विद्यापीठातून निघालेले हे साधन पॅरिस-लंडनच्या आधी एका दुष्काळी गावात आले, कारण तिथे हाताने काम करत शिकणारी मुले होती. आश्रमाच्या शिक्षणक्रमात अभियांत्रिकीच्या बरोबरीने शेती आणि गृह-आरोग्य हे विषयही आहेत, म्हणजे लेझर कटर आणि पिठाचा डबा एकाच आवारात. तंजावरच्या राष्ट्रीय अन्न तंत्रज्ञान संस्थेत भरडधान्य, मूग, डाळे आणि ओवा यांच्या पिठाचा खाऊ छापून पाहण्याचे प्रयोग झाले आहेत. साधने आहेत, माणसे आहेत. प्रश्न कुणाच्या तोंडाचा सोडवायचा, हे ठरलेले नाही.

ते ठरवण्यासाठी माझ्या तीन अटी आहेत. भविष्यातल्या अन्नाची कुठलीही वस्तू प्रदर्शनात मांडण्याआधी तेच माणूस ती विसाव्या दिवशीही खाते का, हे दाखवावे. ती बनवणारे साधन तालुक्याच्या गावात धुता आणि दुरुस्त करता यावे. आणि ती त्या भागातल्या पिठापासून बनावी, परदेशी भुकटीच्या डब्यावर अवलंबून नसावी. या अटींवर आजचे बहुतेक झगमगीत नमुने नापास होतील, याचे मला दुःख नाही. पण याच अटी रेशनचा दाणा, अंगणवाडीचे पाकीट आणि रुग्णालयाचा लगदा यांनाही लावाव्या लागतील. अंगणवाडीच्या पाकिटातले पीठ जनावरांपुढे गेल्याच्या बातम्या जिथे वर्षानुवर्षे येतात, तिथे प्रिंटर हे उत्तर नाही. गावातच शिजलेले गरम जेवण अनेकदा सरस ठरते. ते का सरस ठरते? त्याला वास आहे, वाफ आहे, ते ओळखीचे दिसते. म्हणजे पुन्हा तेच: रूप, गंध आणि स्पर्श.

चोचले म्हणून हात झटकणाऱ्यांनी शेवटी एवढे तरी पाहावे की त्यांनी सोडून दिलेली ही जागा रिकामी राहिलेली नाही. कुरकुर किती हवी, मीठ दाण्याच्या बाहेरच्या बाजूला का हवे, पाकीट उघडताना कसा आवाज यावा, यावर खाऊ विकणाऱ्या कंपन्या मन लावून काम करतात. त्यांची पाच रुपयांची पाकिटे पाड्यापाड्यावरच्या टपरीत लटकलेली असतात आणि अंगणवाडीचे पाकीट नाकारणारे मूल ती मागून मागून खाते. गरिबाला रूप कळत नाही, यावर त्या विक्रेत्यांचा कधीच विश्वास नव्हता. तो विश्वास फक्त आपल्या धोरणांचा आणि आपल्या बैठकांचा आहे. तो आधी सोडू, मग प्रिंटरची थट्टा करू.